गाणं अर्धवट सोडू नका

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि मला एकही गाणं शेवटपर्यंत येत नाही. हसू नका. सुरुवाती म्हणाल तर ढिगाने येतात. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या पुढे काय असतं, ते एक अपवाद सोडला तर मला कोणी कळूच दिलेलं नाही.

मी घडले तेव्हा माझे लाड झाले होते. माझ्या फळीवर टिचकी मारून, कान लावून, कारागीर शेजारच्याला म्हणाला होता, की हिचा आवाज पुढे फार गोड होणार. झालं! मी हवेत. वाटलं, आता एखाद्या घरी जायचं, रोज संध्याकाळी कोणीतरी मांडीवर घेणार. मग कारखान्यातून मला आणि माझ्यासारख्याच घडलेल्या बहिणींना खोक्यांत घालून या दुकानात आणलं. इथे फक्त तारवाद्यं मिळतात. भिंतीवर गिटारी, कोपऱ्यात व्हायोलिनं, गल्ल्यावर तारांची पाकिटं. मालकाने एकच खोकं उघडलं, ते माझं. "ही दाखवायला," असं म्हणून त्याने मला गल्ल्याशेजारच्या हुकाला अडकवलं, आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

कारण दाखवायची म्हणजे विकायची नाही. गिऱ्हाईक येतं, मला काढतं, खुंट्या पिळतं, चार ओळी वाजवतं. चौथ्या ओळीला मालक खाकरतो, म्हणजे आता भावाचं बोलू या. गिऱ्हाईक माझ्या पाठीवरून हात फिरवतं, काय आवाज आहे म्हणून तोंडभर कौतुक करतं आणि मग म्हणतं, अशीच एक नवी, बंद खोक्यातली द्या. लगेच मालक स्टुलावर चढतो, माझी एखादी बहीण उतरवतो, आणि ती मठ्ठ कार्टी, जिने आयुष्यात एक सूर काढलेला नाही, ऐटीत घरी जाते. माझ्या पाठीवर लोकांच्या कमरेच्या पट्ट्यांचे ओरखडे. एक गृहस्थ तर बायकोची खरेदी होईपर्यंत वेळ घालवायला मला बडवायचे. एकदा माझ्या पोकळीत शिंकलेसुद्धा.

आणि मला विकत का घेत नाहीत? तर म्हणे हिला किती जणांचे हात लागलेत! अहो, त्या हातांनीच तर माझं लाकूड मोकळं झालं, गळा तयार झाला. त्यांना आवाज हवा होता माझा, आणि अंग हवं होतं कोरं. याला काय म्हणावं?

मग एक दिवस पडदे शिवणाऱ्या बाई आल्या. वयाने पन्नाशीच्या, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. सोबत नवरा. त्याने गाडी बाहेर भलत्याच जागी लावली होती, म्हणून त्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर. बाईंनी लग्नाआधी थोडी गिटार वाजवली होती, नंतर संसारात राहून गेली. आता मुलं मार्गी लागली तेव्हा पुन्हा वाजवायची म्हणत होत्या. एकच संथ गाणं त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि ते अडखळत सुरू केलं. मालक खाकरला, तरी त्या थांबल्या नाहीत. पाचवी ओळ! मित्रांनो, मी पहिल्यांदाच पाचवी ओळ वाजत होते. माझा जीव नुसता भांड्यात पडायचा बाकी होता.

तेवढ्यात नवरा म्हणाला, गाडी उचलून नेतील, आटप.

बाईंनी हळूच विचारलं, हीच घेऊ का. नवऱ्याने नाक मुरडलं. एवढे पैसे द्यायचे ते दुसऱ्यांनी वापरलेल्या वस्तूला का? खोकं उतरलं. ते गाणं माझ्या पोटात तसंच अडकून राहिलं. पुढचे कित्येक दिवस मी चिडचिड्या सुरात वाजत होते, मालकाला वाटलं तारा गंजल्या.

काही आठवड्यांनी त्या एकट्याच परत आल्या, खोकं घेऊन. नवी गिटार हाताला कडक लागते, आवाज पत्र्यासारखा येतो, ही ठेवून घ्या आणि मला हुकावरची ती द्या, म्हणाल्या. वर थोडे पैसे द्यावे लागले तरी चालेल. मी श्वास रोखून ऐकत होते.

मालक माणूस वाईट नाही. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ती देता यायची नाही. तिचा आवाज ऐकूनच माझ्या बाकीच्या गिटारी खपतात."

ऐकलंत? माझा गुणच माझ्या मुळावर आला. वाईट वाजले असते तर कधीच स्वस्तात एखाद्या घरी गेले असते!

बाई मग म्हणाल्या, "बरं. निदान एकदा वाजवू तरी द्या." मालकाने मला काढून दिलं. तेच गाणं सुरू झालं. चौथी ओळ, पाचवी, सहावी. बाईंचा हातही आता बसला होता. फक्त शेवटची ओळ उरली, आणि दार उघडून नवं गिऱ्हाईक आत आलं. मालकाने सवयीने हात पुढे केला आणि मला त्यांच्या मांडीवरून उचललं. "यांना जरा ही दाखवतो हं, ताई."

मला इतका संताप आला, की तार तुटली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी खोकं उघडलं, आपली नवी गिटार बाहेर काढली आणि उरलेली ओळ तिच्यावर वाजवली. पत्र्यासारखा आवाज, एक सूर चुकला, पण गाणं संपलं. मग त्यांनी तिला परत खोक्यात ठेवलं आणि ती बदलून न घेताच घरी नेली. आता ती रोज वाजत असणार. काही वर्षांनी तिचाही गळा माझ्यासारखा होईल. होऊ दे. आयुष्यात एका गाण्याचा शेवट ऐकला, तोही दुसरीच्या तोंडून.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरी एखादं वाद्य असेल तर त्याला कपाटावर धूळ खात ठेवू नका. हात लागल्याने ते खराब होत नाही, सुधारतं. आणि कधी या दुकानात आलात तर मला विकत घ्या असं म्हणत नाही, मालक देणारच नाही. पण सुरू केलेलं गाणं तेवढं पुरं करा. मालक खाकरेल. खाकरू दे त्याला.