तिसाव्या दिवसाची सही

विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, असं शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतं. ते खोटं नाही. मंत्री उत्तर देतातच, म्हणजे वाचून दाखवतात. लिहितं कोण, ते मात्र पुस्तकात नसतं. पुण्यातल्या एका संचालनालयात, दुसऱ्या मजल्यावर खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या श्यामला ओव्हाळ गेली चौदा वर्षं मंत्र्यांची उत्तरं लिहीत होत्या. तेवढ्या काळात मंत्री सात झाले. श्यामलाबाई त्याच राहिल्या, आणि उत्तरंही.

आमदाराचा प्रश्न मंत्रालयात जायचा, मंत्रालयातून संचालनालयात, संचालकांकडून उपसंचालकांकडे, आणि तिथून 'तातडीचे, आजच' असा शेरा कपाळावर घेऊन श्यामलाबाईंच्या टेबलावर. प्रत्येक प्रश्नाची बांधणी एकच. 'अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास कारणे काय? नसल्यास विलंबाची कारणे काय?' उत्तरंही मोजून तीन. 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' आणि पहिल्याला नाही म्हटलं की पुढच्या सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही'. सुरुवातीला बाई हजेरीपट उघडायच्या, जुन्या नस्त्या म्हणजे फायली उपसायच्या, जिल्ह्यांना फोन करायच्या. पुढे कळलं की गेल्या अधिवेशनाचं उत्तर काढून तारीख बदलली तरी कुणाचं काही अडत नाही. अडत नाही हे कळण्यानं माणूस जेवढं थकतं तेवढं कामानं थकत नाही.

तरीही नोकरीचा त्यांना अभिमान होता. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार, छपन्न सालात दीक्षा घेतलेले. मुलीनं टेबलाशी बसून लिहिण्याचं काम करावं म्हणून त्यांनी काय काय सोसलं ते बाईंना ठाऊक होतं. विश्रांतवाडीच्या घरात आता त्यांची मुलगी चैताली हिंजवडीच्या कंपनीची ओळखपत्राची फीत गळ्यात घालून फिरायची आणि आईची टर उडवायची. "आई, भाजीत मीठ जास्त झालं आहे, हे खरे आहे काय?" बाई पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "हे अंशतः खरे आहे." हसून झालं की दोघी जेवायच्या.

मालनबाई त्याच कार्यालयात सतरा वर्षं झाडलोट करत होत्या. वारज्याच्या माळवाडीतून सकाळी सातला यायच्या, तीन मजले झाडायच्या, पाणी भरायच्या, दुपारी चहा द्यायच्या. नेमणूक रोजंदारीवर, आणि तीही एकोणतीस दिवसांची. एकोणतीस भरले की एक दिवस खंड, मग पुन्हा नवी नेमणूक. सेवा सलग झाली तर बाई कायम करा म्हणून हक्क सांगेल, या भीतीनं सरकारनं काढलेली ही युक्ती. पण तिसाव्या दिवशी कचरा काही सुट्टीवर जात नाही.

पंच्याऐंशी सालात आस्थापनेचं, म्हणजे नेमणुका आणि हजेरीचं टेबल श्यामलाबाईंकडे होतं. मालनबाई तेव्हा कडेवर पोर घेऊन आलेली, त्या एका दिवसाच्या रोजासाठी रडकुंडीला आलेली बाई. श्यामलाबाईंना दया आली. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या सासूबाईंचं नाव लावू. काम तुम्हीच करा, सही तेवढी चंद्रभागा अशी करा." मालनबाईंना सहीपुरतंच लिहिता यायचं, श्यामलाबाईंनी त्यांना दुसरंही नाव गिरवायला शिकवलं. तेव्हापासून महिन्यातून एक दिवस मालनबाई आपल्याच सासू व्हायच्या. सगळ्या कार्यालयाला ते माहीत होतं. "काय चंद्रभागाबाई, सून कुठं गेली आज?" असं लोक विचारायचे, आणि मालनबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात परिपत्रक आलं. एक जानेवारीपासून सफाईचं काम एजन्सीकडे. रोजंदारीची माणसं बंद.

"आमच्याकडे ऑलरेडी सगळं हाउसकीपिंग आउटसोर्स्ड आहे," चैताली म्हणाली. "निळ्या युनिफॉर्ममधले लोक येतात. सहा महिन्यांनी दुसरे येतात."

"नावं काय त्यांची?"

"आई, कुणाला माहीत असतात?"

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मालनबाईंनी चहा ठेवला आणि इकडंतिकडं बघत त्या खाली वाकल्या. "तुमाला म्हनून सांगते बाई, कुटं बोलू नका. आमच्या आळीतल्या पोरानं मला आमदाराकडं नेलं रविवारी. त्यांच्या मानसानं सगळं लिवून घेतलं. आता नागपूरला इचारनार हाईत, ही बाई सतरा वर्सं सलग काम करती, हे खरं हाय का म्हनून. खुद्द मंत्री उत्तर देनार. मंत्र्यानं एकदा हो म्हनलं की हितलं सायेब काय करतील? कायम करावंच लागंल मला."

त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की श्यामलाबाईंच्या तोंडून "बरं केलंत" एवढंच निघालं. तो प्रश्न फिरून याच टेबलावर येणार, हे तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाल्या मनात, आणि उद्याही सांगितलं नाही.

डिसेंबरात, एका गुरुवारी सकाळी, फॅक्सच्या यंत्रातून प्रश्न सरपटत बाहेर आला. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. 'पुणे येथील संचालनालयाच्या मुख्य कार्यालयात एक महिला सतरा वर्षे सलग रोजंदारीवर काम करीत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, तिला सेवेत कायम न करण्याची कारणे काय? नसल्यास, याबाबतची वस्तुस्थिती काय?' दुपारी चारच्या आत उत्तर हवं होतं.

बाईंनी त्या दिवशी जुनी नस्ती काढली नाही. कपाटातून सतरा वर्षांचे हजेरीपट काढले आणि एकेक पान बघितलं. एकोणतीस वेळा मालन, मग चंद्रभागा. पुन्हा मालन. पहिल्या पटावरची 'चंद्रभागा' ही नोंद त्यांच्याच गोल, नेटक्या अक्षरात होती. त्यांनी संगणकापुढे बसून लिहिलं : 'हे खरे आहे. सदर महिलेने खंडाच्या दिवशीही काम केले असून त्या दिवशी हजेरीपटावर अन्य नावाने सही घेण्यात आली आहे.' चौदा वर्षांत त्यांनी 'हे खरे आहे' असं सरळ पहिल्यांदाच लिहिलं होतं. लिहून बरं वाटत होतं.

उपसंचालक दिग्विजय घोरपडे वाईट माणूस नव्हते. तेही दमलेलेच होते. नागपूरहून दर तासाला फोन येत होता. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"खरं तेच लिहिलंय, सर."

"ते कळतंय मला. खरं आहे म्हणूनच विचारतोय. ही अन्य नावाची बाई कोण?"

"मालनबाईंच्या सासू. चंद्रभागा."

"त्या असतात कुठं?"

"वारल्या. सत्याऐंशी साली."

"आणि सही कधीपर्यंत आहे त्यांची?"

"मागच्या महिन्यापर्यंत."

"म्हणजे वारलेली बाई पंधरा वर्षं आपलं कार्यालय झाडतेय, असं मंत्रिमहोदयांनी सभागृहात सांगायचं. छान." घोरपडेंनी पट जवळ ओढला. "हे पहिलं अक्षर कुणाचं?"

"माझं."

"निवृत्तीला किती राहिलं आपल्या?"

"दोन वर्षं पाच महिने."

"मग?" ते थांबले. आवाज खाली आला. "चौकशी लागेल बाई. आधी तुम्हाला. मग त्या बाईलाही, खोटी सही केली म्हणून. तिला कायम करायला पद नाही माझ्याकडे. पदच रद्द झालंय. खरं लिहून तिला मिळणार काय, ते सांगा. मी सही करतो."

श्यामलाबाईंना सांगण्यासारखं पुष्कळ सुचलं, पण नंतर, बसमध्ये. चौकशी लागली असती तर मालनबाईंनी काम केलं होतं हे तरी सिद्ध झालं असतं. कामगार न्यायालयात तो कागद टिकला असता. पण ते बसमध्ये. साहेबांच्या खोलीत त्यांना आठवलं ते आपलं निवृत्तिवेतन, आणि वडिलांचा फोटो, आणि त्या फोटोखाली बसून चौकशीची नोटीस वाचणारी चैताली. साहेबांनी काही त्यांचा हात धरला नव्हता. आपल्या पायांनी त्या जागेवर आल्या आणि आपल्या बोटांनी त्यांनी लिहिलं. पावणेचारला फॅक्स गेला.

प्रश्नाच्या दिवशी मालनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. दर तासाला येऊन विचारायच्या, "आलं का वो काय नागपूरचं?" नागपूरला त्या दिवशी भलत्याच विषयावर गोंधळ झाला, आणि प्रश्नोत्तराचा तास त्यात वाहून गेला. प्रश्नाचा क्रमांक त्रेचाळीस होता. गोंधळ नसता तरी तिथवर कुणी पोचलं नसतंच. प्रश्न ज्यांच्या नावावर होता ते आमदार त्या दिवशी सभागृहात नव्हते म्हणे. उरलेली उत्तरं नेहमीप्रमाणे यादीत छापली गेली. मंत्र्यांनी ती वाचलीसुद्धा नसतील.

तीस डिसेंबरला दुपारी मालनबाई एक छापील कागद घेऊन आल्या. आमदारांच्या माणसानं दिला होता, वाचून दाखवायला मात्र त्याला वेळ नव्हता. त्यांनी हात पदराला पुसून तो कागद चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"वाचा बाई. तुमच्याबिगर कुनाला सांगू?"

श्यामलाबाईंनी चष्मा लावला. वाचायची गरज नव्हती. "हे खरे नाही," त्या म्हणाल्या. "सदर महिलेची सेवा सलग नसून खंडित स्वरूपाची आहे. पुढचे प्रश्न उद्भवत नाहीत."

"खंडित म्हंजी?"

"मधूनमधून तुटलेली."

"कवा तुटली?"

"महिन्यातून एक दिवस."

"त्या दिशी बी मीच झाडत व्हते की." मालनबाई गोंधळून गेल्या होत्या, चिडलेल्या नव्हत्या. "तुमाला ठावं हाय. तुमीच शिकवली ना ती सही."

"हो."

"मग मंत्र्याला आसं कुनी सांगितलं?"

वरून आलं, म्हणता आलं असतं. मंत्रालयातून, म्हणता आलं असतं. साहेबांनी, हे तर अर्धं खरंही होतं. गेली चौदा वर्षं श्यामलाबाई अशीच वाक्यं बनवत होत्या, ज्यात काम होतं पण करणारं कुणी नसतं. त्या दिवशी त्यांना तसं वाक्य बनवण्याचाच कंटाळा आला. तो धीर नव्हता, थकवा होता.

"मी," त्या म्हणाल्या. "मालनबाई, तुमचा प्रश्न नागपूरवरून फिरून इथंच आला. या टेबलावर. सगळे इथंच येतात. हे उत्तर मी लिहिलंय."

मालनबाई टेबलाकडे बघत राहिल्या. सतरा वर्षं त्यांनी ते रोज पुसलं होतं. मग त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, आणि पिशवीत ठेवली.

"मला वाटलं, उत्तर लांबून येतंय," त्या म्हणाल्या. "मग येवढं नागपूरला कशापायी धाडलं वो बाई? हितंच इचारलं आसतं की तुमाला. च्या देताना."

आणि खालच्या मजल्यावरच्या कपबश्या गोळा करायला त्या निघून गेल्या, कारण कामाचा उद्याचा एक दिवस अजून होता.

श्यामलाबाई बसून राहिल्या. चहा देताना विचारलं असतं, तर त्यांनी खरं तेच सांगितलं असतं. एका क्षणात सांगितलं असतं, "हो मालनबाई, एक दिवससुद्धा खाडा नाही तुमचा." कारण ते कुठं छापून येणार नव्हतं.