एलोफची नऊची घंटा

गुन्नेलमावशींच्या घरी टेलिफोन आणि इंटरनेट एकाच तारेवर होते. एक चालू असताना दुसरे बंद. ही गोष्ट बेटावरचा शाळामास्तर वाल्टर स्योब्लूम याला इतर कोणाहूनही नेमकी ठाऊक होती, कारण मावशींच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली बसवण्याचा आग्रह त्याचाच. मूळ प्रणाली त्याने सीडीवरून बसवली होती. लेखनाचे आणि छपाईचे सॉफ्टवेअर मात्र तारेवरून उतरवून घ्यावे लागणार होते: साठ मेगाबाइट, आणि समुद्रात दूर असलेल्या त्या बेटापर्यंत पोचणारा वेग सेकंदाला जेमतेम एक किलोबाइट. भागाकार सोपा होता. सोळा तास चाळीस मिनिटे.

"आज दुपारी बाराला लावलं तर पहाटे पाचच्या आत संपेल," तो म्हणाला.

"पाचला संपू दे नाहीतर सहाला. नऊला तार मोकळी पाहिजे, मास्तर. नऊला एलोफ वाजवतो."

एलोफ म्हणजे समोरच्या बेटावर एकटा राहणारा, जहाजांना वाट दाखवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा. रोज सकाळी नऊला तो मावशींचा फोन दोनदा वाजवी आणि ठेवून देई. उचलायचा नाही. दोन घंटा म्हणजे अजून आहे. साडेनऊपर्यंत घंटा आली नाही, तर मावशींनी बोट पाठवायची. नऊ वर्षांत ती वेळ एकदाही आली नव्हती.

संध्याकाळी सहाला तारेवरची जोडणी तुटली. वाल्टर तेव्हा तिथेच होता. त्याने पुन्हा जोडणी करून तीच आज्ञा टंकली, मावशींच्या हातची कॉफी प्यायली आणि घरी गेला. अर्धवट फाइल तिथूनच पुढे न्यायची असेल तर त्या आज्ञेत एक लहानसे अक्षर जास्त घालावे लागते. ते घालायचे राहिले, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पडद्यावर एकाऐवजी दोन फायली दिसल्या तेव्हा कळले. यंत्राने सगळे पहिल्यापासून आणायला घेतले होते. काम दहा चाळीसला संपणार होते.

नऊला थांबवून, अर्ध्या तासाने ते अक्षर घालून पुढे चालू करता आले असते. अडचण कसलीच नव्हती. फक्त मावशींना सांगावे लागले असते की चूक तारेची नव्हे, मास्तरांची. गेले महिनाभर तो त्यांना या प्रणालीच्या शिस्तीवर व्याख्याने देत होता. नऊ वाजले. त्याने हात पुढे केला नाही.

सव्वानऊला मावशी मेंढ्यांना चारा घालून आल्या.

"झालं का तुमचं यंत्र जेवून? माझ्या मेंढ्यासुद्धा इतका वेळ रवंथ करत नाहीत. एलोफची घंटा आली?"

"आली," वाल्टर म्हणाला. पडदा त्याच्याकडे वळलेला होता; काम अजून चालू आहे हे मावशींना दिसत नव्हते.

नऊ वर्षे आली म्हणजे आजही आलीच असती, असा तो तर्क होता. तर्काला निरीक्षण म्हणून खपवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण वाल्टरने स्वतः अनेकदा कापले होते.

दुपारी साडेबाराला टपालाच्या बोटीवरच्या माणसाला एलोफ धक्क्याजवळच्या पायऱ्यांवर पडलेला सापडला. खुब्याचे हाड मोडलेले, कपडे ओलेचिंब. हवा एक अंशावर. हेलिकॉप्टरने त्याला मुख्य भूमीवरच्या तुर्कू शहरातल्या रुग्णालयात नेले. तो वाचला.

साडेनऊ ते साडेबारा. त्यापुढचे आठ दिवस वाल्टर हे तीन तास वेगवेगळ्या रीतीने मोजत राहिला. बोट निघायला वीस मिनिटे, पोचायला पंधरा. म्हणजे जवळजवळ अडीच तास त्याच्या नावावर. हाड तसेही मोडलेलेच होते, हे खरे. थंडीत पडून राहण्याचा हाड मोडण्याशी संबंध नव्हता, हेही खरे. दोन्ही सत्ये त्याच्या काही उपयोगाची नव्हती.

नवव्या दिवशी छपाई बिघडली म्हणून मावशींनी त्याला बोलावले. त्या तुर्कूहून नुकत्याच परतल्या होत्या आणि चेहरा उतरलेला होता.

"डोक्यावर परिणाम झालाय हो त्याच्या," त्या म्हणाल्या. "म्हणतो, सव्वाआठलाच पडलो, तुला फोन केलाच नाही. मी म्हटलं, अरे बाबा, केलास, मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं. आधी हुज्जत घालत होता. आता गप्प झालाय. काल म्हणाला, असेल, केला असेन."

"मग?"

"मग काय! वेळेचं भान नाही अशा माणसाला एकट्याला बेटावर कोण पाठवेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वृद्धाश्रमात जागा बघू. घर बंद करायचंय. किल्ली माझ्याकडे दिलीय त्याने."

वाल्टर छपाईयंत्राच्या झाकणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, घंटा आली नव्हती."

"काय?"

"तार माझ्याकडे होती. पावणेअकरापर्यंत. फोन वाजूच शकत नव्हता. मी खोटं सांगितलं."

मावशी रागावतील म्हणून तो थांबला, पण त्या उठल्या, चष्मा लावून रुग्णालयाचा क्रमांक फिरवला, एलोफला बोलावून घ्यायला सांगितले आणि रिसीव्हर वाल्टरपुढे धरला.

"घे. मला सांगितलंस, तसं त्याला सांग."

बऱ्याच वेळाने पलीकडून चाकांच्या खुर्चीची करकर आणि खोकला ऐकू आला. वाल्टरने सगळे सांगितले: विसरलेले अक्षर, नऊ वाजणे, सव्वानऊचे उत्तर. काहीच गाळले नाही.

"थांबा थांबा, मास्तर," एलोफ म्हणाला. "म्हणजे मी फोन केलाच नव्हता?"

"नाही."

"सव्वाआठलाच पडलो होतो?"

"तुम्ही म्हणता तर तेव्हाच. तुमचं म्हणणं चूक ठरवणारी एकच गोष्ट होती, आणि ती मी रचलेली होती."

एलोफ हसू लागला. आधी खोकल्यासारखा, नंतर मोकळा.

"सिस्टर!" तो कोणाला तरी ओरडून म्हणाला. "अहो, माझं डोकं शाबूत आहे! बोलवा त्या डॉक्टरीणबाईंना!" आणि पुन्हा फोनमध्ये, "मास्तर, फार उपकार झाले हो तुमचे. फार म्हणजे फार."

थंडीतले ते अडीच तास एलोफच्या लक्षातच आले नव्हते. वाल्टरने उत्तर द्यायला तोंड उघडले. मावशी समोर उभ्या होत्या आणि एकेक शब्द ऐकत होत्या.