डेल्फीनचा निळा वाफा

लापवाई गावातल्या डेल्फीनच्या घरामागं दर वसंतात घोटाभर पाणी साचायचं. वेंडेलला तिथं खडी टाकून ट्रक उभा करायचा होता.

"खडी टाकलीस तर झोपायलाही ट्रकमध्येच जा," डेल्फीन हाफमूननं नवऱ्याला ठणकावलं आणि पहिल्या बर्फाआधी तिथं कामासचं, म्हणजे गोड कंदाच्या निळ्या रानफुलाचं, बी पेरलं. आईच्या माळावरून तिनं ते स्वतः वेचून आणलं होतं. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. घाई तिच्या अंगातच नव्हती.

पहिल्या वर्षी उगवली ती नुसती गवतासारखी पाती. दुसऱ्या वर्षी तीच, जरा जाड. पलीकडच्या गल्लीत राहणारी नणंद रोबर्टा कुंपणावरूनच विचारायची, "काय गं वहिनी, गवत कधी कापायचं?"

"हात तर लावून बघ."

पाचव्या वर्षी मे महिन्यात वाफा असा निळा झाला, की लांबून पाणीच साचलंय असं वाटावं. रोबर्टा बघतच राहिली. मग तिचं बोट वर झालं. "वहिनी, ती पांढरी बघ."

निळ्यात चार पांढरे तुरे होते. विषारी कामास. त्याचा कंद दिसतो अगदी खऱ्यासारखा, आणि भाजला तरी विष जात नाही.

"उपट सगळं," रोबर्टा म्हणाली. "आता हे तोंडात कोण घालणार?"

"मी. फुलावर असताना ओळखता येतं. आज फुलावरच आहेत ना?"

तिनं टोकदार दांड्यानं ते चारही कंद मातीसकट काढले, शेजारची वीतभर जागाही रिकामी केली. मग निळं फूल आलेल्या एकेका दांड्याला लाल लोकर बांधली. खणायचं ते फक्त लोकरीचं. ज्याला फूल आलं नाही, ते जमिनीतच राहील.

जुलैत बोंडं वाळली तेव्हा तिनं कंद खणले. खड्ड्यात तापलेले दगड, ओलं गवत, त्यावर कंद, वर माती. दोन दिवस ती तिथून हलली नाही. उघडलं तर कंद काळेभोर, चिकट, जळक्या साखरेच्या वासाचे.

टेबलाभोवती सगळं गोत जमलं होतं. साल्मन मासा भराभर संपत होता. कामासच्या वाडग्याकडं मात्र एकही हात जाईना. रोबर्टानं त्या पांढऱ्या तुऱ्यांचं गावभर सांगून ठेवलं होतंच. डेल्फीननं एक कंद खाल्ला, सावकाश दुसरा खाल्ला. वेंडेलनं आपलं ताट पुढं केलं.

"द्या इकडं," रोबर्टा म्हणाली. "मेले तर माझं शिवणयंत्र वहिनीला." तिनं कंद तोंडात टाकला. चावता चावता तिचे डोळे मिटले. "थोडं अजून भाजायला हवं होतं," असं म्हणत तिनं आणखी तीन उचलले.

पुढच्या आठवड्यात ती रिकामी बरणी घेऊन दारात आली. "बी दे."

"पाच वर्षं लागतात हं."

"मग? एकसष्टचीच तर आहे मी."

डेल्फीननं बरणी काठोकाठ भरली.