आधीचं आधी

योगीराजने शेंगदाण्याचा मोठा डबा पातेल्यात रिकामा केला आणि बैठकीतल्या फरशीवर आणून ठेवला. शेजारी मोहरी, जिरं, हळद, धने अशा लहान डब्या ओळीने लावल्या. मोठा डबा म्हणजे रविवारी घेतलेला संपूर्ण बॅकअप. डब्या म्हणजे पुढे रोज घेतलेला, त्या त्या दिवशी बदलला तेवढाच डेटा. शुक्रवारी मशीन बंद पडलं, तर सगळं परत आणायचं कोणत्या क्रमाने? सराव परीक्षेत हा प्रश्न त्याने दरवेळी चुकवला होता. त्याचा हात आपसूक शेवटच्या डबीकडेच जाई.

"पंचेचाळिशीत भातुकली मांडली का?" त्याची बायको राजेश्री आली आणि तिने जिऱ्याची डबी उचलली. "फोडणी खोळंबली तिकडं."

"ठेव, ठेव. तो मंगळवार हाय."

"मग तुमचा मंगळवार वरणात चालला," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

परभणीतल्या एका पतसंस्थेत योगीराज संगणक सांभाळत होता. बॅकअप आणि स्टोरेजची परीक्षा पास व्हा, असं आता वरून सांगणं आलं होतं. परीक्षा रविवारी, संभाजीनगरला. कालची पोरं ते प्रमाणपत्र हसतखेळत मिळवत होती आणि हा बिचारा चष्मा पुसत पहिल्याच धड्याशी झगडत होता. पण खरं सांगायचं तर त्याचा जीव परीक्षेत नव्हताच. तो आतल्या खोलीतल्या खाटेपाशी अडकला होता.

दिवाळीनंतर त्याच्या वडिलांना, व्यंकटरावांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरातल्या प्रत्येकाकडे ते परक्या गावी उतरलेल्या पाहुण्यासारखे बघत. योगीराज त्यांचं शेंडेफळ, त्यांच्याच ताटात जेवून वाढलेला. आबांनी एकदा आपल्याला नावाने हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यापुढे नोकरी गेली तरी चालेल, असं त्याला कधीकधी वाटायचं.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी खाटेवरून आवाज आला. "अलिफ, बे, पे..."

निजामाच्या राज्यात आबा उर्दू शाळेत जात, हे घरच्यांना ऐकून माहीत होतं. त्यांच्या तोंडून ती अक्षरं मात्र कुणी कधी ऐकली नव्हती. आई धुरपताबाई घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, येईल तसं येऊ द्या. मग काही दिवसांनी आबांच्या वडिलांच्या बैलजोडीची नावं आली. मग एकदा भरल्या घरात आबा स्पष्ट म्हणाले, "धुरपता." ज्या माणसाने उभ्या जन्मात बायकोचं नाव घेतलं नव्हतं, त्याने ते असं खणखणीत घेतलं.

"लकव्यानं लाज बी नेली बघा ह्यांची," धुरपताबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

त्यानंतर थोरल्या मुलाचं, बन्सीधरचं नाव आलं. मागच्या आठवड्यात शिवकन्येचं, वालूरला दिलेल्या लेकीचं.

फरशीवरच्या डब्यांकडे बघता बघता योगीराजच्या हे सगळं ध्यानात आलं. आधी मोठा डबा, सगळ्यात जुना. मग एकेक डबी, लागली त्याच क्रमाने, एकही न गाळता. आबा तसेच परत येत होते. आपल्याला पुस्तकातून उमगेना ते या थकलेल्या डोक्याला कुणी शिकवलं? एवढी वर्षं हे सगळं कुठे राहिलं होतं, कुणी सांभाळलं होतं? देवळात जोडावेत तसे त्याचे हात नकळत जोडले गेले.

"राजेश्री," त्याने स्वयंपाकघराकडे हाक दिली. "बन्सीदादा झाला, अक्का झाली. आता माझी पाळी हाय."

शनिवारी दुपारी रिक्षा दाराशी आली. खांद्याला बॅग लावून तो आबांच्या पाया पडायला आत गेला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि यावेळी त्यांची नजर घसरली नाही. चेहरा उजळला. ओठ जुळायला लागले. योगीराज आणखी खाली वाकला.

"महारुद्रा."

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. दारात धुरपताबाई तेवढ्या उभ्या होत्या आणि त्यांनी चौकट घट्ट धरली होती.

"कोण महारुद्र, माय?"

त्या तिथेच खाली बसल्या. "तुझ्या आधीचा. तीन वर्साचा व्हता. हिरीत पडला शेतातल्या. तवापासून ह्यांनी त्याचं नाव काढू दिलं न्हाई कुणाला."

अक्काच्या पाठचं एक मूल गेलं होतं, एवढं योगीराजला ठाऊक होतं. त्याला नाव होतं, हे आज कळत होतं.

आबा वाट बघत होते. "मी योगीराज," हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. केवढी आस लावून बसला होता तो! त्याने ते शब्द गिळले आणि खाटेशी गुडघे टेकून बसला.

"ओ, आबा."

आबांच्या धड हाताने त्याचं मनगट पकडलं. लहान पोराला धरावं तसं, जरा जास्तच घट्ट.

"हिरीकडं जाऊ नको रं. पाणी लय हाय."

"न्हाई जात, आबा."

म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. धुरपताबाई सरकत सरकत खाटेपाशी आल्या आणि त्यांनी योगीराजच्या पाठीवर हात ठेवला.

"आणखी एकदा म्हण, न्हाई जात म्हून," त्या म्हणाल्या. "मला बी ऐकू दे."