कपाळावर उतरलेले केस

माझा धाकटा मुलगा लखन महिनाभर दवाखान्यात होता. फुप्फुसांनी दगा दिला आणि आज सकाळी त्याला लिंबायतच्या आमच्या घरी आणले ते पांढऱ्या चादरीत. आंघोळ घालून, नवे धोतर नेसवून त्याला पुढच्या खोलीत निजवले, तेव्हा तोंडावरची चादर मी स्वतः दूर केली. आंघोळ घालताना कोणीतरी त्याचे वाढलेले केस पाण्याने मागे चोपून बसवले होते. डावीकडे कपाळ पार वर चढलेले आणि उजवीकडे केस जिथल्या तिथे. घाईत खुडलेल्या शेतासारखा तो माथा दिसत होता.

लखनने हे कपाळ जगाला कधी दाखवले नव्हते. पलसाण्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो मास्तर होता. दिवसभर वाफेत उभा राही. परंतु घामाने सदरा भिजला तरी कपाळावरचे केस ढळू देत नसे. आता अमळनेरहून सारे भाऊबंद अंत्यदर्शनाला निघाले होते. त्यांच्यापुढे माझा मुलगा असा जाणार नाही, हे मी त्याच क्षणी ठरवले.

"संदीपला बोलवा," मी म्हणाले. संदीप आमच्या गल्लीतला न्हावी; लखनचे केस तोच कापत असे.

माझे दीर धुडकूभाऊजी दारातून खेकसले. "वहिनी, हाई काय नवरदेवनी तयारी शे का? स्मशाननी गाडी यी ऱ्हायनी!"

"येऊ द्या. ती आपल्यासाठीच येते आहे, ती थांबेल."

संदीप पेटी घेऊन आला आणि उंबऱ्यातच अडखळला.

"माय, मन्हा हात चालत नही. भाऊ दर बारीले आरसा मांगे, मान हलाये, मंग मी कैची धरू."

"आज मान मी हलवीन. बस."

तो उशाशी बसला. केसांतून बोटे फिरवता फिरवता तो सांगू लागला. कानांवरचे बारीक करावे, म्हणजे वरचे भरीव दिसतात; ज्या बाजूला केस मागे सरले आहेत त्या बाजूला भांग पाडू नये, उजवीकडून आणून तिकडे सोडावे; आणि पुढे सरळ रेघ मुळीच कापू नये, रेघ कापली की उणे उघडे पडते. नाहीतर सगळेच सारखे बारीक करावे, म्हणजे झाकण्याचा प्रश्नच उरत नाही. लखनला हे दुसरे कधीच पटले नव्हते, असेही तो म्हणाला.

"मग पहिलेच कर."

"नका," सोनाली म्हणाली. ही माझी सून, लखनची बायको, कतारगामात वाढलेली. "काही करू नका त्यांना."

"सोनाली, माणसे येत आहेत."

"येऊ द्या ना, आत्याबाई. घरात ते असेच असायचे. माझ्यापुढे, पोरींपुढे, केस मागे सारून. तुमच्या खोलीत यायचे, तेव्हा तेवढे पुढे ओढून घ्यायचे."

धुडकूभाऊजींनी पाठ फिरवली. बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला.

मी लखनच्या कपाळावर हात ठेवला. लहानपणी मी याच कपाळाला तेल चोळले होते. ते इतके रुंद कधी झाले, एका घरात राहूनही मला ठाऊक नव्हते. त्याच्या बायकोला ठाऊक होते, मुलींना ठाऊक होते.

"माय, मंग कसं करू?" कैची हातात तशीच धरून संदीपने विचारले.

मी सोनालीकडे पाहिले.

"तू म्हणतेस ते खरे आहे. घरात तो असाच होता. पण आता तो घरात राहणार नाही, पोरी. आणि असा उंबऱ्याबाहेर तो कधी गेला नाही."

मग संदीपच्या पेटीतून तिने कंगवा उचलला.

"बाजूचे तुम्ही कापा, भाऊ. वरचे मी करते."

संदीपची कैची चालली. ओले केस जागेवर राहीनात, तेव्हा सोनालीने ते पदराने टिपून कोरडे केले, उजवीकडून उचलले आणि कपाळाच्या वर हात तसाच धरून ठेवला. तिने माझ्याकडे पाहिले.

मी वाकून ते कपाळ पुरते पाहून घेतले.

"झाक," मी म्हणाले.