एका बेचैन तंबूचा पहिला मुक्काम

मी एक जुना तंबू आहे. जुना म्हटल्यावर लगेच फाटकं-विटकं काही डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. माझं कापड अजून कडक आहे, चेन सरसर चालते, दांड्या सरळ आहेत. पण वय झालं हे खरं, आणि कितीतरी वर्षं माझ्यात एकही माणूस झोपला नव्हता, हे माझं दुखणं. एका जागी पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही. पिशवीत कोंबून ठेवलं की माझा जीव नुसता तळमळतो.

माझा जन्म एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शिलाई यंत्रांच्या रांगा, कापडाचे ढीग आणि दिवसभर खटखट. मला शिवून झाल्यावर पिशवीवर छापलं, ‘दोन माणसांसाठी, मोटारसायकलवर नेण्याजोगा’. ते पाहून मी हरखलो. वाटलं, आता रोज नवा रस्ता, रोज नवं माळरान. कसलं काय! लोक मला मोबाइलवर बघून मागवायचे, गच्चीवर नाहीतर बैठकीच्या खोलीत उभं करायचे, आत डोकं घालून फोटो काढायचे आणि परत पाठवायचे. कुणाला मी ठेंगणा वाटलो, कुणाला माझा रंग भडक वाटला. एका साहेबांना माझ्यात पाच मित्र झोपवायचे होते. पिशवीवरचं वाचायला काय झालं होतं त्यांना? कुरिअरच्या गाड्यांतून मी सगळा महाराष्ट्र फिरलो, पण खोक्यात असल्यामुळे पाहिला काहीच नाही.

शेवटी परत आलेल्या मालाच्या ढिगातून मला राधेश्यामने उचललं. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्याचं दुकान आहे. हेल्मेट, सीट कव्हर, रेनकोट, ताडपत्र्या, सगळं तिथे मिळतं. त्याने मला दुकानासमोर मांडून ठेवलं. समोरून दिवसभर मोटारसायकली सुसाट जायच्या आणि मी आपला खुंट्यांना बांधलेला! ट्रक गेला की वाऱ्याने मी फुगायचो, दोऱ्यांना हिसके द्यायचो. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, “याच्यात कापूस मावतो का?” मला इतका राग यायचा की काय सांगू.

मग एका हिवाळ्यात तीर्थपुरीहून सर्जेराव आणि बेबीनंदाबाई आले. सर्जेराव एसटीचे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे कायम मुक्कामी गाडी असायची. म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, तिथेच गाडीत झोपायचं आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचं. त्यामुळे अर्धं आयुष्य त्यांनी घराबाहेर झोपून काढलं. बेबीनंदाबाई मात्र एकही रात्र अशी मोकळ्यावर झोपल्या नव्हत्या. आता त्यांना मोटारसायकलवर बसून अजिंठ्याला जायचं होतं आणि वाटेत एक रात्र उघड्या माळावर काढायची होती. त्यांनी आयुष्यात मागितलं ते एवढंच.

सर्जेरावांनी मला बघताच पसंत केलं. “हा बराबर हाये. क्यारेजवर आडवा बसतो, गाडीचा तोल जात न्हाई.”

“काका, तो चौघांचा बघा,” राधेश्याम म्हणाला. “मावशींना त्याच्यात उभं राहता येतं.”

सर्जेरावांनी ते धूड उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. “हे गाडीवर न्यायचं का गाडी याच्यावर न्यायची?”

बेबीनंदाबाईंनी पदर खोचला. चपला काढून सरळ माझ्या आत आल्या. आडव्या झाल्या, कूस बदलून पाहिली, उठून बसल्या, डोकं लागतं का ते पाहिलं. मग राधेश्यामला म्हणाल्या, “वरून पाणी वत बरं. दंव पडल्यावर मला भिजायचं न्हाई.” त्याने बादलीभर पाणी ओतलं. एक थेंब आत गेला नाही. मी अंग चोरून, श्वास रोखून उभा होतो. इतक्या नीट मला कोणी पाहिलंच नव्हतं.

“सगळं झाक हाये,” त्या आतूनच म्हणाल्या. “पण सकाळी साडी कुठं नेसू?”

बाहेर सर्जेराव डोकं खाजवू लागले. राधेश्याम हायवेकडे बघू लागला. झालं, मला वाटलं, परत खुंट्यांशी गाठ. पण बाईंनीच तोड काढली. “तुमी भाईर चादर धरून उभं राहायचं. आन् जल्दी कर म्हणायचं न्हाई.”

ज्या माणसाने जन्मभर प्रवाशांना ‘जल्दी चढा’ म्हटलं, त्याने मुकाट्याने मान डोलावली आणि मला विकत घेतलं.

मित्रांनो, त्या प्रवासाचं काय वर्णन करू! रबरी दोऱ्यांनी मी कॅरिअरवर आवळलेला होतो. अंबड गेलं, जालना आलं, मोसंबीच्या बागा मागे पळाल्या. फक्त जालन्याला चहाला थांबलो तेव्हा एक घोटाळा झाला. बेबीनंदाबाईंची मावसबहीण पुष्पाबाई केदारखेड्याला असतात. बहिणीच्या गावावरून जायचं आणि सांगायचं नाही, हे काही त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी फोन लावला. “काही न्हाई अक्का, तुझ्या गावापाशी नदीवर मुक्काम करून राह्यलो. सहज सांगितलं.”

सहज! दिवस कलताना सर्जेरावांनी नदीपासून दूर, उंचवट्यावर जागा शोधली. खाली नदीकडे काळी माती होती, भेगाळलेली. तिच्यात खुंटी रोवली तर ठोकणाऱ्याच्या पायासकट आत जाईल. वर मुरूम होता. तिथे त्यांनी मला उभं केलं. वारा पाठीवर घेतला, दार पूर्वेला ठेवलं. मी ताठ झालो न झालो तोच पुष्पाबाई आणि त्यांचे मालक रखमाजी स्कूटरवरून येऊन धडकले.

“बेबे, आमचं घर पडलं का गं?” पुष्पाबाईंचा आवाज चढला होता. “बहीण आली आन् नदीवर पाल ठोकून राह्यली! गाव काय म्हणंल मला? चल, ऊठ. सून कवाची चूल पेटवून बसली.”

रखमाजी तर बोलत बसलेच नाहीत. त्यांनी सरळ माझी एक खुंटी उपटली. माझा एक कोपरा लोंबकळला. त्याहून वाईट म्हणजे सर्जेरावही विरघळले. “जाऊ दे,” ते म्हणाले, “त्यांचं मन मोडतंय. उद्या बघू.” आणि त्यांनी दुसऱ्या खुंटीला हात घातला. मला रडू आलं. उद्या बघू म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नातेवाइकांच्या मायेने मी परत पिशवीत जाणार होतो आणि बाई परत चुलीपुढे.

बेबीनंदाबाई आत येऊन मांडी घालून बसल्या.

“अक्का, तुझं घर लई चांगलं हाये,” त्या म्हणाल्या. “पण आले तर मी भाकरी टाकायला बसंन. तू नको म्हणशीन तरी बसंन. मला बसल्या जागी ऱ्हावतच न्हाई. माझ्या घरी बी तेच. आज मी कोणाच्याच घरी झोपणार न्हाई. माझ्या बी न्हाई.”

पुष्पाबाई तोंड फिरवून स्कूटरकडे गेल्या. रखमाजींनी हातातली खुंटी सर्जेरावांच्या हातात दिली. ती त्यांनी दगडाने पुन्हा ठोकली.

त्या रात्री मी हललो नाही. वारा सुटला, वर दंव साचलं, आतून माझं कापड दोघांच्या श्वासाने ओलावलं, पण मी गपगार उभा राहिलो. मला हे जमतं हे मलाच माहीत नव्हतं. पहाटे सर्जेरावांनी चादर धरली आणि शब्दाला जागले. मग ते मोटारसायकल पुसू लागले.

इतक्यात पुष्पाबाई किटली घेऊन हजर. राग गेलेला नव्हता. बहिणीला चहा दिला, माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

“जा की आत. बस जरा,” बाहेर उभ्यानेच चहा पीत बेबीनंदाबाई म्हणाल्या.

“या कोंबड्याच्या खुराड्यात?” असं म्हणत त्या वाकल्या, कण्हत-कुंथत आत आल्या. बसल्या. मग पाठ सरळ करायची म्हणून आडव्या झाल्या. कापडातून कोवळं ऊन झिरपत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात रस्त्यावरून रखमाजींची हाक आली, “अगं ए! म्हैस वरडून राह्यली, धार काढायची हाये. सून बी विचारती, कालवण काय करू?”

पुष्पाबाई उठून बसल्या. फटीतून रस्त्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि माझी चेन आतून सर्रकन खालपर्यंत ओढून घेतली.

“बेबे,” आतून हळू आवाज आला, “सांग त्यांला, मी इथं न्हाई.”

बेबीनंदाबाई कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे वळल्या आणि ओरडल्या, “भावजी, अक्का कामात हाये!”

मित्रांनो, तंबू घेताना त्याला उचलून बघा, त्याच्यावर पाणी ओतून बघा आणि जो आत झोपणार आहे त्याला आधी आत झोपवून बघा. ओला असताना माझी घडी घालू नका, मला बुरशी लागते. वापरा, पण माळ्यावर टाकू नका. आणि एवढं माझं ऐका : आत कोणी चेन लावून बसलं असेल, तर बाहेरून हाका मारू नका. म्हशीची धार रखमाजींनाही काढता येते.