भोरड्या बघायला नेलेला चहा

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. पोटाला पोचा आलाय, झाकणाचा हिरवा रंग उडालाय. साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमधून हवालदार आकाराम यांनी मला घेतलं. ते निवृत्त होऊन जतकडच्या आपल्या गावी आले, तेव्हा मीही त्यांच्या पिशवीतून आलो.

दिवाळीच्या सुमारास लांब उत्तरेकडून भोरड्या येतात. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे पक्षी. शेतातून त्यांना लोक हुसकावतात. निवांत जागा एकच, ओढ्याकाठचा मसणवटा. तिथल्या बाभळींवर त्या हजारोंनी मुक्काम करतात आणि उजाडताच एकदम उठतात. ते बघायला आकाराम रोज जायचे. त्यांच्या पत्नी रंगुबाई माझ्यात चहा भरून द्यायच्या. "आठ वाजंपतोर कढत ऱ्हातोय गड्या," असं ते तिथं मढ्यांसाठी खड्डे खणणाऱ्या बिराप्पांना कौतुकानं सांगत. मला फार बरं वाटे.

निघताना ते रोज म्हणत, "रंगू, चल की एकदा. आभाळ हालल्यागत वाटतंय."

"मसणवट्यात बायामानसाचं काय काम? लोक काय म्हनतील?"

अशी अकरा वर्षं गेली.

गेल्या श्रावणात आकाराम अंथरुणाला खिळले. "औंदा भोरड्या आल्या की तू ये," म्हणाले.

"आदी बरं तरी व्हा. मग बघू."

भाद्रपदात ते गेले. त्या सकाळी त्यांच्यासाठी केलेला चहा माझ्या पोटातच राहिला आणि कुणीतरी मला तसंच फडताळात सारलं. आकारामांना त्याच मसणवट्यात पुरलं. रिवाजाप्रमाणे रंगुबाई घरीच थांबल्या.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी भोरड्यांचा थवा घरावरून गेला. रंगुबाईंनी मला बाहेर काढलं. झाकण उघडताच आंबूस भपकारा आला. त्या बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसल्या. मग चिंच लावून मला घासलं. दुसऱ्या दिवशी फटफटताना चहा भरला आणि मला पदराखाली धरून निघाल्या.

वाटेत दोघे जण भेटले. त्यांनी नुसता रामराम केला. मसणवट्यात बिराप्पांनी दगडावरची माती झटकली. "बसा वैनी. आता उठतील."

भोरड्या उठल्या. बाभळीच्या बाभळी उडाल्यासारख्या. रंगुबाई मान वर करून बघत राहिल्या. आभाळ मोकळं झालं तरी बघत होत्या.

"कुनीच काय बोललं न्हाई," त्या म्हणाल्या.

"कोन बोलनार, वैनी?"

"त्येच की. अकरा वर्सं मी कुनाला भ्याले?"

बिराप्पांनी माझं झाकण काढून त्यांना चहा ओतून दिला.

मित्रांनो, आम्हा थर्मासांना धुऊन, झाकण काढून कोरडं ठेवावं, एवढं लक्षात ठेवा. आणि घरातलं कुणी "चल की" म्हणालं, तर पायात चप्पल घाला आणि निघा.